साच्याचं तोंड भिंतीकडे

गेलेल्या माणसाचा चेहरा घडवायला घेतला की मी आधी कान बघते. फोटो काढताना माणूस चेहरा नीट करतो, केस बसवतो, हसू आणतो. कानाचं मात्र त्याला काही करता येत नाही. माझ्याकडे येणारे फोटो बहुतेक आधार कार्डावरचे असतात, नाहीतर कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठे केलेले. नाक पुसट, चष्म्यावर चकाकी. पण एखादा कान तरी सापडतो. मग मातीच्या नुसत्या गोळ्यावर मी तो आधी लावते. घरचे लोक बघायला येतात तेव्हा तिथे डोळे नसतात, तोंड नसतं, फक्त कान असतो. तो बघून बोलणारी माणसं आवाज खाली आणतात. मी हे खूपदा पाहिलं आहे.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेजारी माझा गाळा आहे. गेली एकवीस वर्षं मी तिथे माणसांचे अर्धपुतळे करते, विहारांसाठी बुद्धमूर्ती करते. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आई-बाबा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे, माती मळायला मी तिथेच शिकले. मातीचं विटेशिवाय आणखी काही होऊ शकतं, हे दाखवलं ते आमच्या हायस्कूलच्या चित्रकलेच्या सरांनी. कला महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला ते स्वतः मला मुंबईला घेऊन गेले आणि परीक्षा संपेपर्यंत फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. मला कधी कुठे लिहायला मिळालं तर त्यांच्याबद्दल आधी लिहायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

लोक विचारतात, हुबेहूब कसं जमतं? खरं सांगायचं तर हुबेहूब असं काही नसतंच. डोंबिवलीच्या एका शिक्षिकेचा पुतळा करताना त्यांच्या चार मुलांनी मला आईची चार तोंडं सांगितली. एकाला ती कडक हवी होती, एकीला हसरी. मी कॅलिपरने, म्हणजे मापाच्या चिमट्याने, मापं घेतली, फोटो ताणून बघितले, चौघांचं वहीत लिहून घेतलं. शेवटी एका दुपारी कंटाळून वही मिटली आणि हाताला जे वाटलं ते केलं. चौघं आले आणि म्हणाले, हीच आमची आई. तेव्हापासून मी असं मानते की माप मनाने घ्यायचं, पण शेवटचा शब्द हाताचा. हाताला कुठून कळतं ते मला माहीत नाही. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं मानत नाहीत. मीही मानत नाही. तरी पुढचं जे आहे ते जसं घडलं तसं लिहिते.

कल्याणच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातून दत्ता नावाचे गृहस्थ माझ्याकडे आले. पंचेचाळिशीचे, गळ्यात जाड साखळी, बोलणं मोकळं. त्यांचा धाकटा भाऊ निलेश चार वर्षांपूर्वी खाडीत गेला होता. होडी तिवरांत अडकलेली मिळाली, तो मिळाला नाही. सव्वीस वर्षांचा होता.

"ताई, बॉडी भेटली नाही म्हणून आई मानतच नाही," दत्ता म्हणाले. "दर भरतीला धक्क्यावर जाऊन बसते. ताटात त्याचं वाढून ठेवते. विधीचं नाव काढलं तर अंगावर धावून येते. आता वय झालं तिचं, एके दिवशी तिथेच पडायची पाण्यात. आमच्या आळीत तीन घरांच्या दारात पुतळे आहेत, वडिलांचे, आजोबांचे. तसा निलेशचा बसवू. रोज हार पडला की मानेल. मानावंच लागेल तिला."

कुणाला काही पटवून देण्यासाठी पुतळा करून मागणारं माझं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं. मला तेव्हाच खटकलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवेना. मी काम घेतलं.

फोटो दोनच होते. एक शाळेतला, दुसरा कुणाच्या तरी हळदीत नाचतानाचा. त्यात तो इतका हलला होता की चेहऱ्याला दोन हनुवट्या आल्या होत्या. अशा वेळी आम्ही रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं डोकं मोजतो. कवटीची ठेवण भावंडांत बरीच जुळते. दत्ता स्टुलावर बसले आणि मी कॅलिपरने त्यांचं कपाळ, गालाची हाडं, जबडा मोजायला लागले.

"माझीच मापं घेताय. माझाच पुतळा होईल बघा," ते हसून म्हणाले, पण स्टुलावर आखडून बसले होते.

माझ्याकडे साच्यांचं काम करणारे साळवीमामा कोपऱ्यात प्लास्टर चाळत होते. साठी उलटलेला माणूस, तोंड कायम वाकडं. ते म्हणाले, "शेठ, जिवंत माणसाचा पुतळा केला तर आयुष्य वाढतं."

"खरं काय?"

"नाही. पण गिऱ्हाईक खूश होतं."

लोखंडी सळईचा सांगाडा उभा केला, त्यावर माती चढवली. आठवड्यात डोकं तयार झालं आणि दत्ता आईला घेऊन आले. हिराबाई. लुगडं नेसलेली, काळी, काटक बाई. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसऱ्यानेही धूसरच दिसत होतं. पुतळा करायचाय हे त्यांना सांगितलं होतं, पण कशासाठी ते दत्तांनी सांगितलं नव्हतं. घराला शोभा म्हणून, एवढंच.

त्या मातीसमोर उभ्या राहिल्या. बघितलं असं म्हणवत नाही. दोन्ही हात पुढे केले आणि बोटं चेहऱ्यावर ठेवली.

"हात लावू का गो बाय?" हे त्यांनी हात लावल्यावर विचारलं.

मी गिऱ्हाइकाला मातीला हात लावू देत नाही. त्या दिवशी लावू दिला. जाळी विणून विणून कडक झालेली ती बोटं कपाळावरून खाली आली, भुवयांशी थांबली, गालांवर आली आणि तिथे दाबायला लागली. मी फोटोवरून भरलेले गाल केले होते. त्यांनी ते अंगठ्याने आत लोटले. एकदा, पुन्हा एकदा.

"मावशी, फोटोत गाल भरलेले आहेत," मी म्हटलं.

"तवा व्हते. आता सुकलाय तो."

"आता?"

"भाईरचं खातो-पितो. सुकंल नाय तं काय व्हईल?"

दत्तांनी मान फिरवली. हिराबाईंची बोटं चालूच होती. त्यांनी ओठांच्या कडा खाली ओढल्या, डोळ्यांखाली खळगे केले. मी मध्ये पडले नाही, कारण एखादा मूर्तिकार जितक्या खात्रीने काम करतो तितक्या खात्रीने ती बोटं काम करत होती. अर्ध्या तासाने मातीत जो माणूस उरला तो सव्वीसचा नव्हता. तिशीचा होता. चार वर्षं बाहेर कुठेतरी काढलेला.

साळवीमामा हळूच म्हणाले, "ही बाई आठवून करत नाहीये."

चहा पिताना हिराबाईंनी मला सगळं सांगितलं. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ वाहिल्याशिवाय त्यांच्याकडे होडी पाण्यात घालत नाहीत. निलेशने त्या वर्षी आधीच होडी काढली. मासळी घेऊन धक्क्यावर आला तेव्हा अख्खा वाडा जमला होता. हिराबाईंनी सगळ्यांदेखत पायातली चप्पल काढून त्याला मारली.

"सव्वीस वर्साचा पोऱ्या," त्या म्हणाल्या. "एक शबूद बोलला नाय. मी बोलले का खाली बगायचा तो, लहानपणापासून. तसाच खाली बगत उबा ऱ्हायला. दुसऱ्या दिवशी पाटंचा परत होडी घेऊन गेला. तो येल. मना तोंड दाकवाची लाज वाटते त्याला, म्हनून येत नाय. लाज कमी झाली का येल."

म्हणजे त्यांच्या लेखी मुलगा बुडालाच नव्हता. तो आईची नजर चुकवत होता. एवढ्या एका गोष्टीवर ती बाई चार वर्षं उभी होती.

निघताना त्या वळल्या. "बाय, एक ऐक. त्याचं डोलं पाडू नको."

डोळे पाडणं म्हणजे काय ते सांगते. पुतळ्याला रंग नसतो. बुबुळ दाखवायचं तर तिथे खड्डा कोरावा लागतो. खड्ड्यात सावली साठते आणि लांबून ती काळी दिसते. खड्ड्याच्या वरच्या कडेला मातीचा एक कण ठेवला की त्यावर उजेड पडतो आणि पुतळा बघायला लागतो. तोपर्यंत चेहरा कितीही पुरा झाला तरी त्यात कुणी नसतं. म्हणून आम्ही डोळे सगळ्यात शेवटी पाडतो. हिराबाईंना हे कुणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुतेक गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होताना त्यांनी पाहिली असेल.

"का नको?" मी विचारलं.

"डोलं पाडलं का पुरा झाला. पुरा झाला का संपला. तो आला का मंग पाड."

मी बरं म्हटलं. मी शब्द दिला होता, हे इथे लिहून ठेवते.

त्यानंतर पापण्यांचं सुरू झालं. दारातला पुतळा म्हणून दत्तांना नजर समोर हवी होती, छाती भरदार. मी वरच्या पापण्या उचलून, डोळे समोर ठेवून काम संपवायची. माती सुकून तडकू नये म्हणून संध्याकाळी ओलं फडकं गुंडाळून वर प्लास्टिक बांधायची. सकाळी उघडलं की पापण्या खाली आलेल्या. एखाद्या सुताएवढ्या, पण आलेल्या. ओरडा खाताना मूल खाली बघतं तसा चेहरा.

"फडक्याचं वजन," साळवीमामा म्हणाले. ते बरोबर होतं. ओलं फडकं जड असतं. मी दुसऱ्या दिवशी कपाळात आणि हनुवटीत काड्या खोचल्या, फडकं चेहऱ्याला टेकणारच नाही असं. सकाळी पापण्या पुन्हा खाली.

"माती ओली राहिली असेल. बसते," मामा म्हणाले, पण त्या वेळी ते माझ्याकडे बघत नव्हते.

माती बसते हे खरं आहे. पण बसली तर नाक बसेल, गाल ओघळतील. नुसत्या पापण्या बसत नाहीत. मी त्या रोज सकाळी उचलायची. त्यातही एक गंमत अशी की माझा स्वतःचा हातही त्यांना खालीच नेऊ पाहायचा. मी लक्ष देऊन वर करायची, जरा फोन वाजला, मन दुसरीकडे गेलं की बघावं तर बोट पापणीवर आणि पापणी खाली. शिक्षिकाबाईंच्या वेळी मी हाताचं ऐकलं होतं. या वेळी ऐकलं नाही. गिऱ्हाइकाने सांगितलेलं करायचं हे मनाने ठरवलं होतं.

हिराबाई दुसऱ्यांदा आल्या त्या सकाळी माझ्याकडून पापण्या उचलायच्या राहिल्या होत्या. त्यांनी बोटं फिरवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां. असाच. असाच हाय तो."

दत्ता मला बाहेर घेऊन गेले. "ताई, काय करताय तुम्ही? दारात पुतळा मान खाली घालून? लोक म्हणतील याने चोरी केली होती. आणि ती बघा, किती खूश झाली. मला ती खूश नकोय असं नाही. पण अशी नकोय. नारळी पौर्णिमेच्या आधी पुतळा पाहिजे, नजर समोर, डोळे बिळे सगळं पुरं. तिला आता इथे आणत नाही मी."

दहा दिवस त्यांनी आईला आणलं नाही. आणि एका गुरुवारी दुपारी मी पापण्या वर केल्या, कोरणी घेतली आणि डोळे पाडले. डावा आधी, मग उजवा. कण ठेवला. तो सरळ माझ्याकडे बघायला लागला. काम चांगलं झालं होतं. पण कपडे झटकून मागे झाले तेव्हा जो अभिमान दरवेळी वाटतो तो वाटला नाही. रात्रभरात पापण्या पुन्हा उतरू नयेत म्हणून मी थांबलेच नाही. मामांना म्हटलं, आत्ताच साचा घ्या.

साचा घेणं म्हणजे मातीच्या चेहऱ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस थापायचं, पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा असे दोन भाग. कडक झालं की दोन्ही भाग अलग करायचे. आतली माती तेव्हा फाटते. ती बोटांनी, चमच्याने उकरून काढायची. महिनाभर घडवलेला चेहरा आपल्याच हाताने मोडायचा. मागे राहतो तो पोकळ साचा, त्यात पुढे फायबर भरून पुतळा निघतो. बाहेरच्या माणसाला हे माहीत नसतं. हिराबाईंनाही माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शुक्रवारी इस्टेट बंद असते. शेजारचा ग्राइंडर नाही, टेम्पो नाहीत, पत्र्यावर कावळ्याच्या पायांचा आवाज येतो एवढी शांतता. धूळ उडत नाही म्हणून साचे उघडायला आम्ही तोच दिवस धरतो. सकाळी साचा उघडला, माती उकरून घमेल्यात टाकली. त्यात चेहरा काही उरला नव्हता, नुसते गोळे. पुढचा साचा धुऊन वाळायला ठेवला. मामा फायबरचं सामान आणायला गेले.

फोन वाजला. दत्ता होते. "ताई, आई गाडीत येऊन बसलीय. उतरतच नाही. म्हणते, डोळे पाडले त्याचे, मला कळलं. तुम्ही सांगितलं का तिला?"

"मी कशी सांगेन?"

"मग मीही नाही सांगितलं. आम्ही शीळफाट्याला पोचलोय. काय करू?"

"या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माती मोडली हे त्यांना कसं सांगायचं, याच विचारात मी हात धूत होते. एक गोष्ट विसरले. आमच्या धंद्यात एक रीत आहे, उघडलेला साचा भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. कारण सांगते. साच्यात चेहरा उलटा असतो, नाकाच्या जागी खळगा, गालांच्या जागी खोलगट वाट्या. पण माणसाच्या डोळ्याला पोकळ चेहरा ठाऊकच नाही. चार पावलं लांबून बघितलं की तो खळगा उठून वर येतो आणि भरीव चेहरा दिसतो. एवढ्यावर थांबत नाही. आपण डावीकडे सरकलो की तो डावीकडे वळतो. उजवीकडे गेलो की उजवीकडे. एकाच डोळ्याने किंवा धूसर बघणाऱ्याला तर तो आणखी खरा वाटतो. हा डोळ्यांचा खेळ आहे, कॉलेजात आम्हाला तो समजावून दिला होता. समजून काही उपयोग होत नाही, पाठीवर नजर जाणवत राहते, कामात हात चुकतो. म्हणून तोंड भिंतीकडे. पण त्या दिवशी हवा दमट होती, ऊन फक्त दारातून येत होतं, म्हणून मी साचा मागच्या भिंतीला टेकवून दाराकडे तोंड करून उभा केला होता आणि त्या येणार हे कळल्यावरही फिरवला नव्हता. कोरलेल्या बुबुळांचे साच्यात उंचवटे होतात. त्यांवर दारातलं ऊन पडलं होतं.

हिराबाई दारात आल्या आणि थांबल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं, मग त्या जिथे बघत होत्या तिथे. पांढराफटक चेहरा भिंतीतून बाहेर आला होता आणि त्यांच्याकडे बघत होता.

"मावशी, तो साचा आहे, पोकळ आहे तो," मी म्हटलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या एक पाऊल डावीकडे सरकल्या. चेहरा वळला. त्या दोन पावलं उजवीकडे गेल्या. चेहरा त्यांच्याबरोबर वळला. मला वाटलं, आता ही बाई मरेपर्यंत धक्का सोडणार नाही, मुलाने हिच्याकडे मान वळवून बघितलं. ते माझ्या हातून झालं होतं. शब्द मोडला होता तो मी, साचा उलटा ठेवला होता तो मी.

दत्ता मागून आले. "आये, चल, बस इथे."

"थांब." त्या पुन्हा डावीकडे गेल्या. मग जागेवर उभ्या राहिल्या आणि एकदम, धक्क्यावर ओरडावं तसं ओरडल्या, "निल्या! खाली बग!"

पत्र्यावरचा कावळा उडाला. चेहरा बघतच होता. त्यांनी खरंच पायातली चप्पल काढली आणि हातात घेतली. दत्ता पुढे व्हायला लागले, मी त्यांचा हात धरला. हिराबाई चप्पल उगारून त्या चेहऱ्याकडे चालत गेल्या. जसजशा जवळ गेल्या तसतसा तो त्यांच्याकडे बघत राहिला, त्याच्या पापणीत काही हललं नाही. अगदी हातभर अंतरावर गेल्यावर तो खेळ मोडतो. चेहरा आत जातो, उरतो तो पांढरा खळगा. तो मोडला असणार. त्या तिथे किती वेळ उभ्या होत्या मला सांगता येणार नाही. मग त्यांनी चप्पल खाली टाकली आणि पाय शोधून शोधून त्यात घातला.

"नजर हटवली नाय त्यानं," त्या म्हणाल्या.

मी दत्तांचा हात सोडला.

"लाज गेली त्याची. जित्या मानसाची लाज अशी जात नाय." त्या दत्तांकडे वळल्या. "गेला रं तुजा भाऊस. कवाच गेला."

दत्ता, जे चार वर्षं हेच ऐकायची वाट बघत होते, ते माझ्या प्लास्टरच्या पोत्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. हिराबाई रडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. मला वाटलं आता मला बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डोल्यांचं तू मना 'बरं' बोललेलीस," एवढंच म्हणाल्या.

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलं तुजं. त्याची माती कुटं हाय?"

मी घमेलं दाखवलं. त्यांनी वाकून त्यात हात घातला, गोळे दाबून बघितले. आमच्याकडे मोडलेली माती पुढच्या पुतळ्याला वापरतात. पिंपात टाकली की ती आधीच्या सगळ्यांमध्ये मिसळून जाते. ही अजून मिसळली नव्हती.

"ही मना दे," त्या म्हणाल्या. "जालायला कायच नव्हतं. आता हाय."

माती जळत नाही, असं दत्ता म्हणणार होते, मी त्यांना खुणेने गप्प केलं. मी ती ओल्या फडक्यात बांधून दिली.

त्यांनी घरी जे विधी केले ते त्यांच्या रीतीचे, मी तिथे नव्हते. पण चौथ्या दिवशी दत्तांचा फोन आला की आई म्हणते, माती सोडायला त्या बाईला बोलाव. मी गेले. दुपारची ओहोटी लागली होती. धक्क्यावर वाड्यातली बरीच माणसं होती, म्हणजे चार वर्षांपूर्वी होती तीच असणार. हिराबाई शेवटच्या पायरीवर उतरल्या. पाण्यात गुडघ्यापर्यंत जाऊन त्यांनी फडक्याची गाठ सोडली. गोळे अजून ओले होते, जाळले नव्हतेच. त्यांनी ते हाताने दाबून एक केले आणि तेवढ्यावरच थांबल्या. चेहरा करायचा प्रयत्न केला नाही.

"जा निल्या," त्या म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने म्हणाल्या आणि गोळा पाण्यात सोडला. "मान वर करून जा."

माती पाण्यात सोडली की आधी तळाशी जाते आणि मग तिचा धूर उठावा तसा गढूळपणा वर येतो. मला ते ठाऊक आहे, मी आयुष्यभर पिंपात ते बघत आले. तो गढूळ पट्टा वर आला. ओहोटीचं पाणी बाहेर ओढत होतं, पाण्यावरचा पालापाचोळा, एक थर्माकोलचा तुकडा, सगळं आमच्यासमोरून सरकत चाललं होतं. पट्टा मात्र सरकेना. पायरीपासून हातभर अंतरावर, हिराबाईंच्या समोर, तो जागच्या जागी उभा होता.

तळ उथळ असेल तिथे, किंवा पायरीच्या आडोशाला पाणी फिरत असेल.

"चला. मागं बगू नका कुनी," हिराबाई म्हणाल्या. पोचवून आल्यावर मागे बघत नाहीत, ही रीत सगळीकडेच आहे. त्या दत्तांच्या खांद्याला धरून पायऱ्या चढल्या आणि चार वर्षं रोज ज्या पाण्याकडे बघत बसल्या होत्या त्याच्याकडे पाठ करून वाड्याकडे चालू लागल्या. त्यांच्यामागून सगळे निघाले. वळणाशी पोचेपर्यंत त्यांनी मान एकदाही फिरवली नाही.

मी मात्र बघितलं. पट्टा तिथेच होता. हिराबाई दिसेनाशा झाल्यावर तो सुटला आणि पाण्याबरोबर निघून गेला.